कॉमिक्सचा संग्रह पाण्यापासून कसा जपावा: मृगाआधीची तयारी आणि पाणी शिरल्यावरचा क्रम

पाऊस सुरू झाला की संग्रह जपण्याची धावपळ सुरू होते, आणि नेमके तिथेच चुकते. आषाढातली दमट हवा शोषून बसलेले अंक घाईघाईने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून चिकटपट्टीने बंद केले जातात आणि गणपतीच्या सुमारास पिशवी उघडली की कुबट वास येतो, मुखपृष्ठावर करडे ठिपके दिसतात. अशा वेळी बाहेरचे पाणी आत आलेले नसते. आतला ओलावा बाहेर पडू शकलेला नसतो. दुसरी नेहमीची चूक खरोखर पाणी शिरल्यावर होते. भिजलेले अंक दोरीवर वाळत घातले जातात, गच्चीवर उन्हात पसरले जातात किंवा त्यांच्यावर इस्त्री फिरवली जाते, आणि पाण्याने जितके नुकसान केले नसेल तितके या घाईने होते. पुढील टप्पे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील पावसाळा गृहीत धरून लिहिलेले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण बहुतेक टप्प्यांचा उपयोग आधीचा टप्पा नीट झाला असेल तरच होतो.

## पूर्वतयारी: साहित्य आणि वेळ

सर्वांत आधी वेळ ठरवावी. अंक पिशवीत बंद करण्याचे काम चैत्र-वैशाखातील कोरड्या दुपारी करावे आणि रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे साधारण २५ मेपूर्वी, संपवावे. वळवाचा पाऊस झाल्यानंतर हवा पुन्हा कोरडी होईपर्यंत एक-दोन दिवस थांबावे. मृग कोरडा गेला तरी तरणा आणि म्हातारा पाऊस आपल्याकडे हवेत सतत ओलावा ठेवतात, त्यामुळे जून उजाडल्यावर हे काम हाती घेऊ नये.

साहित्यात पहिली वस्तू म्हणजे डिजिटल आर्द्रतामापक. तो महाग नसतो, पण त्याच्याशिवाय पुढचे सगळे अंदाजाचे काम होते. त्यानंतर पारदर्शक पिशव्या, आम्लमुक्त पुठ्ठे, झाकणाला रबरी कडा असलेले प्लास्टिकचे डबे, ओलावा शोषणारे सिलिका जेल, कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कागद) आणि केक भाजताना वापरतात तो न चिकटणारा बेकिंग पेपर लागतो. कोरा न्यूजप्रिंट छापखान्यात रिळाचे उरलेले तुकडे म्हणून मिळू शकतो. छापील वर्तमानपत्र त्याऐवजी वापरू नये. ओल लागली की त्याची शाई अंकावर उतरते.

पिशव्यांबाबत सर्वाधिक फसगत होते. शहापूर, वडगाव, खासबाग भागात मागावरच्या साड्या ज्या कडक, कुरकुर वाजणाऱ्या पारदर्शक पिशव्यांत घालतात, त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि कागदासाठी योग्य असतात. मऊ, किंचित तेलकट लागणाऱ्या आणि उघडताच उग्र वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या मात्र टाळाव्यात. त्यांतील मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने बाहेर पडतात आणि मुखपृष्ठ पिशवीला चिकटते.

तपासणी: पिशवीचा नखाएवढा तुकडा कापून, साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने दाबून सोडावा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन वर तरंगतात, पीव्हीसी तळाशी जाते. उंची पॉलिएस्टरची पिशवीही बुडते, पण तिला उग्र वास नसतो आणि ती ताठ असते.

तपासणी: आर्द्रतामापकावर विश्वास ठेवण्याआधी तोही पारखून घ्यावा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवावे. मापकाने ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. तो ७० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वेळी आकड्यात पाच मिळवावेत.

## टप्पा १: घरातील जागा निवडणे

आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेने येतो, म्हणून त्या बाजूच्या बाहेरील भिंतींना लागून कपाट ठेवू नये. बाथरूमची भिंत, स्वयंपाकघरातील मोरीची भिंत, टाकीखालची खोली आणि वाछट येणाऱ्या खिडकीजवळची जागाही वर्ज्य समजावी. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरील आतली भिंत सर्वांत चांगली. कौलारू घरात माळ्यावर संग्रह ठेवण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती अगदी चुकीची आहे. माकडांनी सरकवलेले एक कौल घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत खालची ट्रंक चार दिवस भिजत राहते, आणि उन्हाळ्यात तीच जागा भट्टीसारखी तापते.

कपाट आणि भिंत यांत किमान चार बोटे अंतर असावे. सर्वांत खालचा खण जमिनीपासून १५ सेंटीमीटर तरी वर असावा. लोखंडी तिजोरी असेल तर ती विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढवावी. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या गावांना हा हिशेब पुरत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये या काठांवर जे पाणी आले, त्यापुढे विटांच्या उंचीला काही अर्थ नव्हता. अशा घरांनी संग्रह वरच्या मजल्यावर ठेवावा, आणि वरचा मजला नसेल तर पावसाळ्यापुरता उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावा.

तपासणी: भिंतीविषयी शंका असल्यास हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी पट्टीने भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे आणि आधी गच्चीचे किंवा गिलाव्याचे काम करावे लागेल. बाहेरच्या बाजूला थेंब जमले तर खोलीतली हवाच दमट आहे.

## टप्पा २: अंकांची छाननी

सगळे अंक एकदम पिशव्यांत घालायला बसू नये. आधी स्वच्छ टेबलावर एकेक अंक उघडून पाहावा आणि तीन गठ्ठे करावेत: निरोगी, संशयित आणि बुरशी लागलेले. कुबट वास, पानांच्या कडेला लहरी, मुखपृष्ठावरील करडे किंवा हिरवट ठिपके, कसरीने खरवडलेला चकाकीचा थर यांपैकी काहीही दिसले तर तो अंक निरोगी गठ्ठ्यात जाता कामा नये. एका बुरशीच्या अंकापायी डब्यातील बाकीचे चाळीस धोक्यात येतात.

मधल्या पानावर पिना जरूर पाहाव्यात. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्ससारख्या जुन्या अंकांत ही अडचण हटकून सापडते. पिनेच्या दोन टोकांभोवती नारिंगी कडे उमटलेले असते आणि तिथला कागद बोट लावताच भुकटी होण्याच्या बेतात असतो. गंज कागदाला आतून खातो आणि ओल मिळाली की पसरतो. अशी पिन ओढून काढू नये. मधले पान उघडून, बोथट सुरीचे टोक पिनेच्या दुमडलेल्या पायाखाली सरकवून तो सरळ उभा करावा, दुसरा पायही तसाच उभा करावा, आणि मग अंक पालथा करून पाठीकडून पिन अलगद बाहेर घ्यावी. तिच्या जागी जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारली तरी अंक नीट राहतो. संग्राहकाच्या बाजारात मूळ पिनेला किंमत असते हे खरे, पण गंज पसरू लागलेल्या अंकाबाबत मी दोऱ्याच्याच बाजूने कौल देईन.

पहिल्या पानावर शाईच्या पेनाने लिहिलेले नाव, वाचनालयाचा शिक्का किंवा रद्दीवाल्याने लिहिलेली किंमत असेल तर त्या अंकावर वेगळी चिठ्ठी ठेवावी. छपाईची शाई सहसा तेलकट असते आणि पाण्यात फारशी पसरत नाही. हाताने लिहिलेली शाई आणि शिक्के मात्र फुटतात. पुढे कधी पाणी लागलेच, तर हे अंक धुवायचे नाहीत हे आधीच माहीत असलेले बरे.

## टप्पा ३: बंद करण्याआधी सुकवणे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. कागद आजूबाजूच्या हवेशी ओलाव्याची बरोबरी करतो, आणि थप्पीच्या मध्यावर असलेल्या अंकाला त्यासाठी काही दिवस लागतात. म्हणून पिशवीत घालण्याआधी अंक लहान लहान गठ्ठ्यांत, सावलीत, हवा खेळती असलेल्या खोलीत चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत. खोलीतला आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर उत्तम. रात्री आणि सकाळी हवा दमट होत असल्यास त्या वेळी खिडक्या बंद ठेवून दुपारी उघडाव्यात.

सावधान: पापड-कुरडयांबरोबर अंकांनाही ऊन दाखवण्याचा मोह टाळावा. जुन्या अंकांचा कागद न्यूजप्रिंटचा असतो, त्यातील लिग्निन हा लाकडातून आलेला घटक उन्हाने पिवळा पडतो आणि मुखपृष्ठाचे लाल-पिवळे रंग आधी उडतात.

## टप्पा ४: पिशवी आणि पुठ्ठा

प्रत्येक अंकाला स्वतंत्र पिशवी आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा द्यावा. बुटांच्या खोक्याचा किंवा शर्टातला करडा पुठ्ठा वापरू नये. तो आम्लधर्मी असतो आणि मागच्या मुखपृष्ठावर तपकिरी छटा सोडतो. पिशवी अंकापेक्षा बोटभर रुंद असावी. घट्ट पिशवीत अंक सरकवताना पाठीचे कोपरे दुमडतात. पिशवीचे तोंड फक्त दुमडून पुठ्ठ्यामागे घालावे, चिकटपट्टी लावू नये, कारण पट्टी काढताना ती अंकाला चिकटून मुखपृष्ठ सोलले जाते. शिवाय पिशवी पूर्ण हवाबंद करण्याची गरजही नाही. हवा अडवण्याचे काम डब्याचे आहे; पिशवीने हाताळणीतून आणि थेंबांपासून जपले म्हणजे पुरे.

## टप्पा ५: डबा आणि सिलिका जेल

पुठ्ठ्याची खोकी कोरड्या प्रदेशासाठी ठीक आहेत. अथणीच्या पूर्वेकडील गावांत ती चालून जातील, पण जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पुठ्ठ्याचे खोके स्वतःच पाणी पिते आणि अंकांना पाजते. रबरी कडेचा डबाच घ्यावा. त्यात अंक उभे ठेवावेत, पण हात सहज जाईल इतकी जागा सोडावी. ठासून भरलेले अंक भिजले की फुगून एकमेकांत असे अडकतात की काढताना फाटतात. अर्धवट भरलेल्या डब्यात मात्र अंक कलून वाकतात, म्हणून रिकाम्या जागेत पुठ्ठ्याचा आधार द्यावा.

बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या दोन-पाच ग्रॅमच्या पुड्या इथे कुचकामी ठरतात. चाळीस-पन्नास लिटरच्या डब्याला अर्धा ते एक किलो सिलिका जेल लागते. ते विरळ विणीच्या सुती पिशवीत भरून डब्याच्या एका टोकाला ठेवावे, अंकांना टेकवू नये. रंग बदलणारे जेल घ्यायचे तर नारिंगी घ्यावे, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे. रंग उतरला की जेल ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, थंड झाल्यावर पुन्हा वापरता येते.

डांबर गोळ्या ओल कमी करत नाहीत, फक्त कुबट वास झाकतात. त्यामुळे खरी अडचण उशिरा कळते. कडुनिंबाचा ताजा पाला तर मुळीच घालू नये. पाल्यातले पाणी बंद डब्यातच उतरते. पूर्ण वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवल्यास अपाय नाही, पण बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये.

तपासणी: मापक आत ठेवून डबा बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आकडा ५५च्या खाली स्थिर असेल तर डबा पावसाळ्यासाठी तयार आहे. तो ६५च्या वर जात असेल तर अंक पुरेसे सुकलेले नाहीत किंवा झाकण नीट बसत नाही. आकडा ३५च्या खाली गेला तर थोडे जेल काढून घ्यावे. अतिकोरडा कागद घडीवर तुटतो.

प्रत्येक डब्यावर आतील अंकांची यादी बाहेरून लावावी आणि सर्वांत मौल्यवान डब्यांवर ठळक अक्षरांत "आधी हलवा" असे लिहावे. पाणी रात्री येते, आणि तेव्हा डबे उचलणारा माणूस बहुधा संग्राहक नसतो.

## टप्पा ६: पावसाळ्यातील देखरेख

जून ते सप्टेंबर या काळात डबे विनाकारण उघडू नयेत. मापक पारदर्शक डब्यातून दिसेल असा ठेवला म्हणजे उघडण्याची वेळच येत नाही. जेल बदलायचे असेल तर उघडीप मिळालेली दुपार निवडावी. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही गाठतो, त्यामुळे दसऱ्याला घर आवरताना डबे उघडून ठेवण्याची घाई करू नये.

## टप्पा ७: पाणी शिरल्यास पहिले काही तास

आधी मेन स्विच बंद करावा. मग हातमोजे आणि मास्क घालावा, कारण नाल्याच्या किंवा पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. दमट हवेत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणजे घाई हवी. पण ती वर्गवारीची हवी, वाळवण्याची नव्हे.

कोरडे अंक सर्वांत आधी खोलीबाहेर काढावेत. लोक भिजलेल्या अंकांमागे लागतात आणि तोवर कोरडे अंक त्याच दमट खोलीत ओल धरतात. त्यानंतर गुळगुळीत, चकाकीच्या कागदाचे अंक उचलावेत, कारण त्यांची पाने सुकताना एकमेकांना चिकटून वीट होते आणि मग ती सुटत नाहीत. न्यूजप्रिंटचे अंक त्यामानाने थांबू शकतात.

भिजलेला अंक कोपऱ्याला धरून कधीही उचलू नये. त्याच्याखाली ताट किंवा प्लास्टिकचा कागद सरकवून आडवाच उचलावा. चिखल लागलेला असेल आणि अंकावर हाताची शाई नसेल, तर अंक बंद ठेवून, ताटासह स्वच्छ पाण्याच्या टबात हलकेच बुडवून काढावा. घासू नये आणि आतली पाने उघडून धुवू नये.

सावधान: डेटॉल, फिनेल किंवा व्हिनेगर पानांवर लावू नये. बुरशी जाण्याआधी रंग जातो.

## टप्पा ८: वाळवावे की गोठवावे

एका दिवसात जितके अंक नीट हाताळता येतील तितकेच वाळवायला घ्यावेत. पंधरा-वीस म्हणजे खूप झाले. बाकीचे फ्रीझरमध्ये ठेवावेत. हा उपाय ऐकून लोक दचकतात, पण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि चकाकीची पाने चिकटण्याची क्रियाही थांबते. प्रत्येक अंक बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून, तीन-चार अंक मिळून एका झिपच्या पिशवीत आडवे ठेवावेत. वेगळा दरवाजा असलेला, उणे १८ अंशांपर्यंत जाणारा फ्रीझर हवा. एकाच दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा नाही. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रीझर बंद राहिल्यास साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो.

आपल्याकडे गोठवण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. आषाढ-श्रावणात खोलीतली आर्द्रता ८५-९०च्या घरात असताना कागद वाळतच नाही, नुसता कुजत राहतो. घरात एसी नसेल, तर अंक दिवाळीपर्यंत गोठलेलेच राहू द्यावेत आणि कार्तिकातील कोरड्या हवेत दोन-दोन, चार-चार करून बाहेर काढावेत.

## टप्पा ९: वाळवण्याचा क्रम

एसी असल्यास खोली बंद करून तो ड्राय मोडवर लावावा. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे हवा फिरते पण पाने फडफडत नाहीत. हेअर ड्रायर आणि इस्त्री दूर ठेवावी. उष्णतेने पाने वेडीवाकडी आकसतात आणि चकाकीचा थर वितळल्यासारखा चिकटतो.

अंक कोऱ्या न्यूजप्रिंटवर आडवा ठेवावा. दोन्ही मुखपृष्ठांच्या आत आणि मधल्या पानात कोरा कागद घालावा. चकाकीच्या पानांत आधी बेकिंग पेपर घालावा. बत्तीस पानांच्या अंकात याहून जास्त कागद घालू नयेत, नाहीतर पाठ ताणली जाऊन पिनेच्या जागी पान फाटते. पाने सहज सुटत नसतील तर ओढू नयेत. थोडे सुकू द्यावे आणि बेकिंग पेपरची कडा वरच्या कोपऱ्यातून हळूहळू आत सरकवत न्यावी. पहिल्या दिवशी आतले कागद दर दोन-तीन तासांनी बदलावेत, नंतर सकाळ-संध्याकाळ.

तपासणी: पान हाताला कोरडे वाटले तरी ते गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत पाणी आहे.

गार लागणे थांबल्यावरच अंक कोऱ्या कागदांत घेऊन, दोन सपाट फळ्यांमध्ये, वर वजन ठेवून आठवडाभर दाबावा. ओला अंक दाबला तर बुरशी मध्यभागी धरते आणि पाने कायमची चिकटतात.

## टप्पा १०: बुरशी आणि परतीचा प्रवेश

बुरशी ओली, चिकट असताना पुसू नये. ती कागदात घासली जाते. तो अंक आधी पूर्ण सुकवावा किंवा गोठवावा. बुरशी भुकटीसारखी झाली की एन-९५ मास्क लावून, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून, मऊ कुंचल्याने ती स्वतःपासून दूर झटकावी. तो कुंचला दुसऱ्या अंकांना वापरू नये. डाग राहतील, ते घालवण्याच्या खटपटीत पडू नये. दमा किंवा ॲलर्जी असलेल्याने हे काम अंगावर घेऊ नये.

सुधारलेले अंक मूळ डब्यात लगेच घालू नयेत. वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसह, महिनाभर ठेवावेत आणि दर आठवड्याला उघडून वास व पाठीची कडा पाहावी. महिन्यानंतर वास नसेल आणि नवे ठिपके नसतील तर नवी पिशवी आणि नवा पुठ्ठा देऊन अंक परत घ्यावा. जुनी पिशवी आणि पुठ्ठा, कितीही चांगले दिसत असले तरी, फेकून द्यावेत.